कोनती बेबी

नाकाडोंगरीच्या बेबीबाई राऊतचं पेन्शन चार महिन्यांवरून अडलं.

गावापासून कोसभर आत, जंगलाच्या कडेला, एका शेठची मँगनीजची लहानशी खदान होती. बेबीबाईने उमेदीची वर्षं तिथे काढली. खड्ड्यातून टोपल्यांनी वर आलेला दगड हातोडीने फोडायचा, काळा माल एका बाजूला, माती-मुरूम दुसऱ्या बाजूला. पगारातून फंड कापला जायचा, एवढंच तिला माहीत होतं. पुढे खदान बंद पडली, शेठ वारला, खड्ड्यात पाणी भरलं. नवरा ताराचंदही गेला. बेबीबाईला अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा तुमसरला दिलेल्या तिच्या मुलीने, गुंजनने, सगळे कागद गोळा केले आणि आईला घेऊन नागपूरचं पेन्शनचं ऑफिस गाठलं.

तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी बेबीबाईला खुर्ची दिली आणि कॉम्प्युटरमध्ये बघून सगळं समजावून सांगितलं.

"दहा वर्षांची नोकरी लागते. साडेनऊ भरली तरी आम्ही दहा धरतो. यांचे त्यालाही चार महिने कमी पडताहेत. मध्येच एका वर्षी सप्टेंबर ते फेब्रुवारी काहीच जमा नाही. तेव्हा कामावर होत्या का?"

 गुंजन म्हणाली, "होती मॅडम."

"मग पुरावा आणा. पगाराची चिठ्ठी, नाहीतर सोबत काम करणाऱ्या दोघांचं प्रतिज्ञापत्र. कंपनी बंद पडली असली तरी चौकशी करता येते. नाहीच मिळालं काही, तर जमा रक्कम एकदम काढून घ्या. पण मग दरमहा काही यायचं नाही."

जिना उतरताना गुंजनने विचारलं, "आई, त्या वर्षी कुठं होती तू?"

"दिघोरीले. माह्या मायजवळ."

"इतके दिवस?"

बेबीबाई कठडा धरून थांबली. "पोटातलं गेलं होतं. तुह्या आधीचं. मंग ताप मुरला अंगात. पोळ्यापासून होळीपर्यंत खाटेवरून उठली नाई मी."

गुंजनला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. ती आईचा हात धरून दोन पायऱ्या उतरली, मग म्हणाली, "आई, हे कोनाले माहीत हाय आता? दोघा जनांनी म्हनलं का तू होती, तं तू होती. चार महिन्यांसाठी जिंदगीभराचं पेन्शन सोडतेस काय?"

बेबीबाईने कधी कुणाकडे खोटी साक्ष मागितली नव्हती. पण गुंजनचं म्हणणं तिला पटलं. चैत्राच्या उन्हात ती एकटीच आंधळगावला गेली. तिथे मंगलाबाई राहायची. खदानीत दोघी शेजारीशेजारी बसून माल फोडत. मंगलाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती ओसरीत बसून बोटांनी चाचपत चिंचेतले चिचोके काढत होती.

"मंगला, मी बेबी," बेबीबाई दारातून म्हणाली.

"कोनती बेबी?"

"कोनती म्हंजे? नाकाडोंगरीची. ताराचंदची बायको."

मंगलाबाईचा हात थांबला. तिने मान वर करून आवाजाच्या दिशेने तोंड केलं.

"जिती बेबी होय," ती शांतपणे म्हणाली. "ये, बस."

बेबीबाई बसली. उन्हातून आल्यामुळे आपल्याला नीट ऐकू आलं नसेल असं तिला वाटलं. कशी सुरुवात करावी ते सुचेना, म्हणून तिने सरळच सांगितलं, की आपण दिघोरीला होतो त्या दिवसांत खदानीत कामावर होतो, अशी साक्ष हवी आहे.

"देईन न," मंगलाबाई म्हणाली. "बेबी कामावर होती, असं सांगीन. ते काई खोटं नोहोय."

"मी नोहोती वो मंगला. मी बिमार होती."

"तू नोहोती. बेबी होती." मंगलाबाईने चिंचेची टोपली बाजूला सारली. "तू दिघोरीले गेली अना मुकादमानं एक बाई आनली. मंगरूनं. बावनथडी नदीच्या पल्याडची, एमपीतली. नवं कार्ड बनवाचं तं शेठले झंझट. तुहं कार्ड रिकामंच होतं. मंगरूनं तिले सांगतलं, इथं तुहं नाव बेबी. साहेब आला, नाव पुसलं, तं बेबीच सांगाचं."

"मंग तिचं खरं नाव काय?"

"कोनी पुसलंच नाई. सकाळी हजेरीले मंगरू 'बेबी' म्हने, अना ती 'हव' म्हने. आपुन हो म्हंतो, ती हव. असं लांबवून. आमाले हासू ये. ती बी हासे. मंग आमी बी तिले बेबीच म्हनाले लागलो."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो दूर जाईपर्यंत मंगलाबाई थांबली.

"होळीच्या आधी खड्ड्याची कड बसली. दुपारची जेवाची सुट्टी होती. आमी सबन वर, जांभळाखाली. ती टोपली भरून पायवाटेनं वर येऊन राहिली होती. निसता आवाज आला, ट्रक रिकामा केल्यावानी. पाहतो तं पायवाटच नाई. मुरूमच मुरूम."

"काढलं नाई तिले?"

"शेठ आला. मंगरूले म्हने, हजेरी घे. मंगरूनं एकेकीचं नाव घेतलं. बेबी म्हनलं, अना कोनी बोललं नाई. शेठ म्हने, बेबी तं दिघोरीले बिमार हाय, तिचं नाव कायले घेतं? बाकी सबन हजर हायेत नं? मंग खाली कोनी नाई. तेवढं बोलून गेला तो. तुह्या कार्डावरचे ते सारे महिने त्यानं काढून टाकले. बेबी खदानीत नोहोतीच, तं मरन कोन?"

 होळीनंतर आपण कामावर परतलो तो दिवस बेबीबाईला लख्ख आठवला. अंगावर पातळ ठरत नव्हतं इतकी ती वाळली होती. मंगरूने हजेरीत "बेबी" म्हणून हाक मारली, ती "हो" म्हणाली, आणि रांगेतल्या सगळ्या बायांनी एकदम माना वळवून तिच्याकडे पाहिलं. एकीच्या हातातली टोपली खाली पडली. दिवसभर तिच्याशी कुणी बोललं नाही. मूल गेलेल्या बाईपासून बाया दूर राहतात, म्हणून असेल असं तिने तेव्हा धरून घेतलं होतं.

"मले काहून नाई सांगतलं?"

"काय सांगाव? तुह्या नावानं एक मेली म्हनून? तू तं तवा हवेनं पडाची." मंगलाबाईने टोपली पुन्हा पुढ्यात ओढली. "कागद घेऊन ये. मी अंगठा देईन."

त्यानंतर दोनच दिवसांनी सुरू झालं.

मोहफुलं वेचायचे दिवस होते. बेबीबाई उजाडता उजाडता घराला कुलूप लावून जंगलात गेली आणि ऊन चढल्यावर टोपली घेऊन परतली. फाटकाशी शेजारची बायजाबाई उभी होती. बेबीबाईला रस्त्याने येताना पाहून ती गोंधळली.

"तू तं घरात होती नं?"

"मी पहाटंच गेली मोहावर."

"मंग नळ आला म्हनून मी आवाज देल्ला, तं आतून कोन बोललं? तू हव म्हनली. म्हनलं भरते पानी, म्हनून मी गेली."

"काय म्हनली मी?"

"हव."

दाराला कुलूप तसंच होतं. बेबीबाईने ते उघडलं आणि आत पाऊल टाकण्याआधी बराच वेळ उंबऱ्याबाहेर उभी राहिली. घरात काही हललं नव्हतं. चूल थंड होती, गोधडी घडी करून ठेवली होती तशीच होती. एखादं भांडं पडलेलं असतं, मांजर दिसलं असतं, तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या वेळी तिने स्वतःच ऐकलं. भर दुपारी ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. भाजीवाल्याने सायकल थांबवून रस्त्यावरूनच विचारलं, "बेबीबाई, वांगे द्यू का?" तिला वांगी नको होती. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिच्या पाठीमागून, हात लांबवला तर लागेल एवढ्या अंतरावरून, आवाज आला.

"हव."

साधा, कामात असलेल्या बाईचा आवाज. दम लागलेला होता, डोक्यावर ओझं असताना लागतो तसा. भाजीवाल्याने वांगी तोलली. बेबीबाईने मागे वळून पाहिलं नाही. पैसे दिले, वांगी घेतली, आणि संध्याकाळपर्यंत बायजाबाईच्या ओसरीत जाऊन बसली.

मग हे रोजचं झालं. कुणीही नाव घेऊन बोलावलं की बेबीबाईच्या आधी ती बोले. भीती वाटायची ती आवाजाची नव्हे, तो आवाज इतका तत्पर असायचा त्याची. हजेरीत एकदा का नाव चुकलं की दिवसाची मजुरी जाते, हे माहीत असलेल्या माणसासारखा. बेबीबाईने शेजारणीला सांगितलं, की आता मला हाक मारू नको, फाटकाची कडी वाजव. लोकांना वाटलं, म्हातारपणी बाई तऱ्हेवाईक झाली.

गुंजनला यातलं काही तिने सांगितलं नाही. गुंजन रोज फोन करून विचारायची, मंगरूची सही घेतली का. शेवटी बेबीबाई मंगरूकडे गेली.

मंगरू गावाच्या टोकाला, खदानीकडे जाणारा रस्ता फुटतो तिथे राहायचा. दम्याने तो खाटेला टेकून होता. बोलताना मध्येमध्ये थांबायचा. बेबीबाईने मंगलाबाईचं नाव सांगितलं तेव्हाच त्याला कळलं की ती कशाला आली आहे.

"नाव पुसाले आली तू," तो म्हणाला.

"तुमाले माहीत असन."

"तिनं सांगतलं होतं. पहिल्याच दिवशी. मी आयकलं नाई. मले मानसं मोजाची घाई होती." त्याने श्वास घेतला. "कटंगीकडं जाताना नदी लागते. तिच्या पल्याड पयलंच गाव. तिची एक पोरगी होती, लहान. सांजच्यानं घरी जाची तिले घाई राहे."

"साक्षीच्या कागदावर सही करान?"

"कराले काय हरकत हाय. बेबी हजर होती. मीच तं रोज आवाज देत होतो." मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "तुले आयकू येते काय?"

बेबीबाईने साक्षीचा कागद उलगडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"मी त्या खड्ड्याकडं जात नाई," मंगरू म्हणाला. "दोन सालापयले गुराख्याची एक गाय होती. पोरांनी तिचं नाव बेबी ठेवलं होतं. सांजच्यानं तो तिले आवाज द्याचा, तं पान्यातून ओ याची. त्यानं गाय विकून टाकली."

सही झाली, अंगठा झाला, कागद नागपूरला गेले. मे महिन्यात चौकशीला बोलावणं आलं.

बसमध्ये पूर्ण वाट बेबीबाईने एकच गोष्ट मनाशी घोकली. मॅडमनी विचारलं की सांगायचं, मी नव्हते, दुसरी होती. पेन्शन गेलं तर गेलं. गुंजन रागावेल, पण रागाला औषध असतं.

ऑफिसच्या व्हरांड्यात कूलरचा आवाज भरून राहिला होता. बाकावर गुंजन डावीकडे बसली होती. उजवीकडे कुणी नव्हतं, फक्त त्यांची पाण्याची बाटली होती. आतून मॅडमनी हाक मारली, "बेबी ताराचंद राऊत."

"हव," उजवीकडून आवाज आला.

गुंजनने झटकन आईकडे पाहिलं. बेबीबाईच्या तोंडावर पदर होता आणि पदरावर तिने मूठ दाबून धरली होती.

आत गेल्यावर मॅडमनी त्यांना बसवलं. कागद समोर होते, त्या वाचत वाचतच विचारत होत्या.

"या सहा महिन्यांत तुम्ही खदानीवर कामाला होता?"

बेबीबाईने नाही म्हणायला तोंड उघडलं.

"हव," आवाज आला.

"काम काय करायचं?"

"टोपली भरो. वर आनो."

मॅडम टाइप करत राहिल्या. त्यांना काहीच वावगं वाटलं नाही. गुंजन मात्र टेबलाची कड धरून बसली होती, कारण आईचे ओठ हलले नव्हते हे तिने पाहिलं होतं.

"मग कंपनीने हे महिने का भरले नाहीत? काही झालं होतं का?"

याला उत्तर आलं नाही. पंखा फिरत राहिला. मॅडमनी चष्म्यावरून बेबीबाईकडे पाहिलं. बेबीबाई वाट बघत होती. मग तिला कळलं की हे आपणच बोलायचं आहे.

"खड्डा बसला होता जी," ती म्हणाली. "एक बाई गेली त्याच्यात. कोनी काढली नाई."

मॅडमचे हात थांबले. "तिचं नाव?"

"मले माहीत नाई."

 "नावाशिवाय मी कुठे काय लिहू?" त्यांनी विचारलं, आणि त्यात रागाचा किंवा थट्टेचा सूर नव्हता. "नाव मिळालं तर या. अर्ज कामगार खात्याकडे पाठवता येईल. तुमचं काम मी मंजुरीला टाकते, तुमच्या साक्षी व्यवस्थित आहेत."

परतीच्या बसने भंडारा मागे टाकलं. मग गुंजनने विचारलं, "आई, तिथं कोन बोललं?" आणि बेबीबाईने तिला सगळं सांगितलं.

पेन्शन मंजूर झाल्याचा मेसेज गुंजनच्या मोबाइलवर आला, त्यानंतरच्या रविवारी दोघी कटंगीच्या बसने निघाल्या. बावनथडीत वाळूच वाळू होती, मधून पाण्याची एक बारीक धार. पुलापलीकडच्या पहिल्याच गावात त्या उतरल्या. हापशीवर एक म्हातारा पाणी भरत होता. गुंजनने त्याला विचारलं, पुष्कळ वर्षांपूर्वी या गावातून कुणी बाई मँगनीजच्या खदानीत कामाला जायची का, जी परत आली नाही.

"इमरती," म्हातारा लगेच म्हणाला. "वो तो भाग गई थी. किसी ट्रकवाले के साथ. शेठ के आदमी ने आकर बताया था." मग त्याने या दोघींना नावं विचारली आणि घर दाखवलं. "उसकी लड़की यहीं है. कुंता. बाप ने दूसरी कर ली थी, इसको काकी ने पाला."

कुंता तिशी ओलांडलेली बाई होती. अंगणात सावलीत बसून ती तेंदूच्या पानांचे पुडके बांधत होती. पानं मोजायची, दोरी दोनदा फिरवायची, गाठ मारायची. नाकाडोंगरीहून आलोत म्हटल्यावर तिने खाटेकडे बोट दाखवलं, पण हात थांबवले नाहीत. खदानीचं नाव निघताच तिचा चेहरा बंद झाला.

"माय की बात मत करो," ती म्हणाली. "मेरी शादी में भी यही निकला था. भागी हुई की बेटी."

 बेबीबाई खाटेच्या कडेला बसून कुंताच्या बोटांकडे पाहत राहिली. पानांच्या चिकाने ती काळपट झाली होती.

तेवढ्यात हापशीवरचा म्हातारा रस्त्याने जाताना कुंपणावरून ओरडला, "बेबीबाई, मिल गई क्या कुंता?"

"हव."

आवाज उंबऱ्यापाशी आला. कुंताच्या पाठीशी, अगदी जवळ.

कुंताची दोरी हातातून सुटली. म्हातारा मान हलवून निघून गेला. कुंताने बेबीबाईकडे पाहिलं नाही, गुंजनकडेही नाही. तिने हळूहळू मान वळवली आणि रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. झोपेतून उठलेल्या लहान मुलाचा असतो तसा तो झाला होता.

"फिर से बुलाओ," ती म्हणाली.

 गुंजनने कशीबशी हाक मारली, "बेबीबाई."

"हव."

कुंता गुडघ्यांवर उंबऱ्याकडे सरकली. "माय," तिने हाक मारली. काही आलं नाही. "माय, मैं कुंता." मग तिने आईचं नाव घेतलं, इमरती, दोनदा, तिसऱ्यांदा जरा मोठ्याने. कोंबड्या अंगणात टोचे मारत फिरत होत्या. उंबऱ्यावर काहीच नव्हतं. कुंताने वळून बेबीबाईकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं, आणि पुन्हा उंबऱ्याकडे तोंड करून अगदी हळू म्हणाली, "बेबी."

"हव," उत्तर आलं, लांबवून, दम लागलेलं.

मग बेबीबाईने तिला सांगितलं. दिघोरीचं सांगितलं, कार्डाचं सांगितलं, जांभळाखाली जेवायला बसलेल्या बायांचं सांगितलं, शेठने घ्यायला लावलेली हजेरी सांगितली. आपण परत आलो तेव्हा त्याच नावाला "हो" म्हणालो, तेही सांगितलं. कुंता उंबऱ्याला टेकून ऐकत होती. सगळं संपल्यावर तिने एकच विचारलं.

"मतलब भागी नहीं थी."

"नाई," बेबीबाई म्हणाली. "टोपली भरून वर येऊन राहिली होती. घरी याची घाई राहे तिले."

कुंता रडली नाही. तिने सुटलेली दोरी शोधून काढली आणि अर्धा राहिलेला पुडका बांधून पूर्ण केला.

इमरतीचं नाव घालून गुंजनने अर्ज लिहिला. मॅडमनी तो ठेवून घेतला आणि पुढे पाठवला. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पावसाळ्याआधी तिघी खड्ड्यावर गेल्या. पाणी हिरवं आणि स्थिर होतं, पलीकडच्या कडेला बगळे उभे होते. कुंताने तांदूळ, हळद आणि मोहफुलं पाण्यात सोडली, आईची म्हणून जपलेली एक काचेची बांगडी सोडली. ती माय म्हणून हाक मारत राहिली, इमरती म्हणून हाक मारत राहिली. पाणी हललं नाही. बेबी म्हणून हाक मारायचं तिथे कुणालाच धैर्य झालं नाही.

पेन्शन दर महिन्याला जमा होतं. बँकेत नाव पुकारलं की बेबीबाई लगेच उठत नाही, थोडी थांबते. बायजाबाईला तिने सांगितलं आहे, आता मार हाक, कडी वाजवू नको. घरात एकटं असताना तिला अजूनही पाठीमागे पाहवत नाही.

महिन्या-दोन महिन्यांनी कुंता कटंगीच्या बसने येते. पिशवीतून कधी शेंगा आणते, कधी जांभळं. बेबीबाईला मौसी म्हणते. चहा झाला की ती अंगणात भिंतीला टेकून बसते आणि हाक मारते, "बेबी." बेबीबाई तेव्हा तोंड घट्ट मिटून तांदूळ निवडत राहते. कधी उत्तर येतं. मग कुंता काहीबाही सांगत बसते, मुलाच्या शाळेचं, नवऱ्याच्या दारूचं, धानाच्या रोवणीचं. कधी उत्तर येत नाही. तरीही ती बसची वेळ होईपर्यंत बसते, आणि मध्येमध्ये पुन्हा हाक मारते.

दिवाळीच्या सुमाराला ती आली तेव्हा सकाळपासून काहीच आलं नव्हतं. कुंताचा आवाज बसत चालला होता. बेबीबाईला ते बघवेना. पुढची हाक आली तेव्हा तिने सुपावरून मान वर न करता, जमेल तेवढं लांबवून म्हटलं, "हव."

कुंताने वळूनही पाहिलं नाही.

"तुम नहीं, मौसी," ती म्हणाली.

बेबीबाईने सूप खाली ठेवलं आणि भिंतीशी तिच्या शेजारी जाऊन बसली. तुमसरहून कटंगीला जाणाऱ्या बसचा हॉर्न ऐकू येईपर्यंत दोघी कान देऊन बसून राहिल्या.